घरी विमान बांधताना: पहिल्या रिव्हेटपासून पहिल्या बदलापर्यंत

नवख्याचा पहिला प्रश्न बहुधा इंजिनाबद्दल असतो आणि दुसरा पॅनेलवरच्या स्क्रीनबद्दल. या दोन्ही गोष्टी सगळ्यात शेवटी घ्यायच्या. इंजिन आधी आणून ठेवलं तर सांगाडा उभा होईपर्यंत त्याची वॉरंटी संपते आणि आतून गंज धरतो. स्क्रीन आधी घेतली तर बसवायच्या वेळी ती जुनी झालेली असते. काम ज्या क्रमाने करावं त्याच क्रमाने हा लेख लिहिलाय. मूळ रचनेत बदल करण्याचा विषय शेवटी आहे, कारण कामातही तो शेवटीच यायला हवा.

बांधायचंय की उडवायचंय?

हे आधी स्वतःला नीट विचारा. नुसतं उडायचं असेल तर चालू स्थितीतलं वापरलेलं विमान घ्या, स्वस्तही पडेल. दोन आसनांच्या धातूच्या विमानाचं किट म्हटलं की साधारण दीड ते दोन हजार तासांची तयारी ठेवावी लागते. आठवड्याला दहा तास दिले तरी तीन-चार वर्षं जातात. बाजारात अर्धवट सोडलेली किट्स कायम विकायला असतात. ती स्वस्त दिसतात, पण आधीच्या माणसाने केलेलं प्रत्येक काम तपासून घ्यावं लागतं आणि पुष्कळदा उसवून पुन्हा करावं लागतं. पहिल्या विमानासाठी मी तरी तसं किट घेऊ देणार नाही.

पत्रा कापण्याआधी आपल्या देशाच्या विमानवाहतूक खात्याचे नियम वाचा. अमेरिकेत ‘५१ टक्क्यांचा नियम’ आहे: निम्म्याहून जास्त काम हौशी माणसांनी, शिकण्यासाठी किंवा आवडीसाठी केलेलं असलं पाहिजे. पैसे देऊन कारखान्याकडून बहुतेक काम करून घेतलं तर हौशी बांधणीच्या वर्गात नोंदणी मिळत नाही. काही देशांत पंख बंद करण्याआधी आतली तपासणी लागते. ती न करता पत्रा ठोकून टाकला तर पुन्हा उघडावा लागतो. ब्रिटनमध्ये लाइट एअरक्राफ्ट असोसिएशनचे तपासनीस काम चालू असतानाच येऊन पाहतात. अमेरिकेत पॉल पोबरेझ्नी यांनी १९५३ मध्ये सुरू केलेल्या एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशनचे तांत्रिक सल्लागार असतात. नियमाची सक्ती असो वा नसो, अशी एक जाणती नजर मिळवाच. आपली चूक आपल्याला दिसत नाही, कारण ती केली तेव्हा बरोबरच वाटली होती.

मग साहित्य. लाकूड, स्टीलची नळी आणि कापड, ॲल्युमिनियमचा पत्रा, किंवा फायबरग्लास आणि फोम, असे चार रस्ते आहेत. लाकूड मुळीच कालबाह्य नाही. १९२९ चं ‘पीटनपोल एअर कँपर’ आजही लोक लाकडात बांधतात. फोमवर फायबरग्लास चढवायची पद्धत रचनाकार बर्ट रुटान यांच्या ‘व्हॅरीईझ’ विमानाने १९७० च्या दशकात घरोघरी नेली. त्यातून सुंदर गुळगुळीत आकार मिळतो, पण रेझिनचं (फायबरग्लास घट्ट करणाऱ्या द्रवाचं) प्रमाण वजनकाट्यावर मोजावं लागतं, खोलीचं तापमान सांभाळावं लागतं, आणि उन्हाने रेझिन मऊ पडू नये म्हणून विमान पांढरंच रंगवावं लागतं. शिवाय थरांमधली पोकळी वरून दिसत नाही, नाण्याने टकटक करत आवाजावरून शोधावी लागते. म्हणून नवख्याला माझा सल्ला एकच: आधीच भोकं पाडून येणारं ॲल्युमिनियमचं किट घ्या. त्यातली चूक बरीचशी उघड्यावर असते आणि तुकडा बदलता येतो.

किट निवडताना माहितीपत्रकातल्या वेगापेक्षा तीन गोष्टी पाहा: त्या रचनेची किती विमानं उडतायत, रचनाकार किंवा कंपनी अजून फोन उचलते का, आणि तुम्ही स्वतः त्यात बसून उडून आलात का. तिसरी गोष्ट टाळणारे लोक पाहिले की नवल वाटतं. चार वर्षं ज्याला द्यायची, त्यात गुडघे मावतात की नाही एवढं तरी कळायला नको का?

जागा

थोडक्यात सांगायचं तर कोरडी, उजेडाची, आणि घराला चिकटून असलेली जागा हवी. रोज अर्धा तास वेळ मिळाला तर जाता यावं. दाराची रुंदी मोजा आणि पंख न जोडलेलं धड चाकांसकट बाहेर निघतं का ते कागदावर तपासा. कामाचं टेबल सपाट नसेल तर त्यावर बांधलेला प्रत्येक भाग पीळ घेऊन जन्मतो, आणि पीळ पडलेला पंख सरळ उडत नाही. कॉम्प्रेसर, रिव्हेट (पत्रे कायमचे जोडायला ठोकून बसवायची धातूची पिन) ठोकायची गन, बकिंग बार (रिव्हेटच्या मागे टेकवायचा धातूचा ठोकळा), हवेवरची ड्रिल आणि भरपूर क्लेको लागतील. क्लेको म्हणजे दोन पत्रे तात्पुरते धरून ठेवणाऱ्या स्प्रिंगच्या पिना. त्यांचा रंग भोकाचं माप सांगतो: चंदेरी ३/३२ इंचाला, तांबूस १/८ इंचाला.

शेपटीपासून सुरुवात

पुष्कळ किटमध्ये शेपटीचा भाग वेगळा मिळतो. तोच आधी घ्या. रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारी शेपटीची उभी पाटी) किंवा एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारी आडवी पाटी) लहान असतो, त्यात पंखातली जवळपास सगळी कामं येतात, आणि बिघडलाच तर नुकसान परवडतं. हे काम आपल्याला आवडतं का, हेही शेपटी संपेपर्यंत कळून चुकतं. त्याआधी रद्दी पत्र्याच्या तुकड्यांवर हात बसवा.

पत्र्याच्या भोकाची कड ड्रिलनंतर खरबरीत राहते. ती साफ केली नाही तर तडा नेमका तिथून सुरू होतो. म्हणून प्रत्येक भोक दोन्ही बाजूंनी डीबर करायचं, आणि पत्र्याची बाहेरची कडसुद्धा नखाला अडणार नाही इतकी घासायची. कंटाळवाणं काम आहे, पर्याय नाही. बारीक एक सूचना: डीबर करताना हात इतकाही जड नको की भोकालाच खळगा पडेल. पत्र्यावरची निळी प्लास्टिकची फिल्म वर्षानुवर्षं तशीच ठेवू नका, तिच्याखाली ओल धरून पत्रा डागाळतो.

आता रिव्हेट. ‘एएन ४७० एडी ४-५’ असा क्रमांक दिसला तर ४ म्हणजे जाडी ४/३२ इंच, म्हणजेच १/८, आणि ५ म्हणजे लांबी ५/१६ इंच. एडी जातीच्या रिव्हेटच्या डोक्यावर मधोमध छोटा खळगा असतो. तो नसेल तर दुसऱ्या धातूचा रिव्हेट हातात आलाय. लांबी ठरवायचा नियम सोपा आहे: पत्र्यांची एकूण जाडी अधिक रिव्हेटच्या जाडीच्या दीडपट. ठोकून झाल्यावर मागचं डोकं रुंदीला जाडीच्या दीडपट आणि उंचीला निम्मं हवं. १/८ इंचाच्या रिव्हेटला हे माप सुमारे ४.८ मिमी रुंद आणि १.६ मिमी उंच येतं. यासाठी छोटा गेज मिळतो, तो खिशातच ठेवा. भोकाचा मध्य पत्र्याच्या कडेपासून रिव्हेटच्या जाडीच्या दुपटीपेक्षा जवळ नको.

लांब पत्र्यावर दोन माणसं लागतात, एक गन धरणारा आणि दुसरा मागून बकिंग बार टेकवणारा. गनवाल्याने ‘तयार?’ विचारायचं, बारवाल्याने ‘टेकलाय’ म्हणायचं, आणि ते ऐकल्याशिवाय ट्रिगर दाबायचा नाही. बार टेकलेला नसताना गन सुटली तर पत्र्याला चंद्रकोरीसारखी चेप बसते, आणि रंगानंतर ती आणखीच उठून दिसते. रिव्हेट थोडा वाकडा बसला तर लगेच उपसायला धावू नका. उपसताना ड्रिल घसरून भोक लंबगोल झालं तर ते वाकड्या रिव्हेटपेक्षा वाईट. उपसायचाच असेल तर फक्त डोक्यात, डोक्याच्या जाडीइतकंच ड्रिल घाला, पिन पंचने डोकं मोडा, मागून आधार देऊन दांडा हलकेच ठोकून काढा.

नट-बोल्ट

विमानाचे बोल्ट विमानाचेच हवेत. हार्डवेअरच्या दुकानातला बोल्ट तेवढाच चमकतो, पण त्याची ताकद आणि दांड्याचं माप यांची खात्री नसते. दोन पत्र्यांमध्ये बोल्टला कापू पाहणारा भार बोल्टच्या गुळगुळीत दांड्यावर यावा, आट्यांवर नाही, म्हणून लांबी अचूक निवडावी लागते आणि उरलेली फट वॉशरने भरावी लागते. आवळायला टॉर्क रेंच (किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना) वापरा. ३/१६ इंचाच्या एएन ३ बोल्टला नेहमीच्या नटवर २० ते २५ इंच-पाउंड पुरतात, म्हणजे सुमारे २.३ ते २.८ न्यूटन-मीटर. हाताच्या अंदाजाने माणूस जवळजवळ नेहमी जास्तच आवळतो. नट बसल्यावर निदान एक पूर्ण आटा बाहेर दिसला पाहिजे. जो सांधा फिरतो तिथे नायलॉनचा लॉकनट चालत नाही, खाचांचा नट आणि आडवी कॉटर पिनच हवी. इंजिनाच्या उष्णतेजवळही नायलॉन नको. प्रत्येक आवळलेल्या नटवर रंगाची एक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की नट फिरलाय, आणि रेघच नसेल तर तो आवळायचा राहिलाय.

इंधन

घरच्या विमानांच्या अपघातांत इंजिनाची ताकद जाणं हे मोठं कारण आहे, आणि पुष्कळदा इंजिन धडधाकट असतं. त्याच्यापर्यंत इंधनच पोचत नाही. म्हणून इथे वेळ द्या.

नळी टाकीपासून इंजिनापर्यंत जाताना मध्ये उंचवटा नको, तिथे बाष्प अडकतं. एक्झॉस्टजवळून गेलीच तर तिला आच्छादन हवं. सगळ्यात खालच्या बिंदूला पाणी काढायचा ड्रेन हवा. टाकीचा श्वास घ्यायचा व्हेंट बुजला तर पंप कितीही चांगला असो, इंजिन थांबतं. कोळ्याच्या जाळ्याने किंवा माशीच्या मातीच्या घराने तो बुजलेला सापडतो, म्हणून उभ्या विमानाच्या व्हेंटला लाल फीत लावलेली टोपी घाला. पेट्रोलमध्ये इथेनॉल असेल तर टाकीचं सीलंट आणि फायबरग्लास त्याला टिकेल का, हे किट कंपनीकडून लेखी घ्या.

प्रवाहाची चाचणी उड्डाणाआधी करायचीच. १०० हॉर्सपॉवरचं रोटॅक्स ९१२ यूएलएस इंजिन टेकऑफला तासाला साधारण २७ लिटर पितं. पंपावर चालणाऱ्या रचनेत गरजेच्या १२५ टक्के प्रवाह मिळायला हवा, म्हणजे तासाला सुमारे ३४ लिटर. पंखातून नुसतं उतारावर येणाऱ्या रचनेत १५० टक्के धरतात. पद्धत अशी: विमान बाहेर, मोकळ्या हवेत, अग्निशामक जवळ ठेवून, अर्थिंगची तार जोडून उभं करा. जास्तीत जास्त चढाईत नाक जितकं वर जातं तितकं ते वर उचला. टाकीत अगदी थोडं इंधन ठेवा. कार्ब्युरेटरशी नळी सोडवून मापाच्या डब्यात धरा, पंप लावा, घड्याळ लावा. दोन मिनिटांत सव्वा लिटरच्या आसपास आलं तर ठीक, लिटरभरही आलं नाही तर कुठेतरी अडथळा आहे. दोन्ही टाक्यांवर वेगवेगळं करा. मग टाकी पूर्ण रिकामी होऊ द्या आणि शेवटी किती इंधन न वापरता उरतं ते मोजून लिहा.

वायरिंगबद्दल दोनच गोष्टी. सर्किट ब्रेकर वायरला वाचवतो, उपकरणाला नाही, म्हणून त्याचं माप वायरच्या जाडीवरून ठरवा. आणि साधी पीव्हीसी वायर वापरू नका. जळाली तर तिचा धूर बंद कॉकपिटमध्ये श्वास घेऊ देत नाही. टेफझेलचं आवरण असलेली वायर घ्या.

वजन: गणित करून पाहा

विमान पूर्ण झालं, रंगलं की ते समतल उभं करून प्रत्येक चाकाखाली काटा ठेवतात. समजा संदर्भरेषा, म्हणजे सगळी अंतरं जिथून मोजायची ती रेषा, नाकाच्या टोकाला धरली. नाकाचं चाक तिथून ०.९० मीटरवर, त्यावर ८० किलो. मागची दोन चाकं २.४० मीटरवर, मिळून २८० किलो. मोमेंट, म्हणजे वजन गुणिले अंतर, ७२ अधिक ६७२, म्हणजे ७४४. एकूण वजन ३६०. भागाकार केला की गुरुत्वमध्य (जिथे विमान तोलून राहील तो बिंदू) २.०६७ मीटरवर येतो.

आता माणसं बसवा: दोघांचे १६० किलो २.३० वर, इंधनाचे ६० किलो २.१० वर, सामानाचे २० किलो ३.०० वर. वजन ६०० किलो, मोमेंट १२९८, गुरुत्वमध्य २.१६३. रचनाकाराने मागची मर्यादा २.२० दिली असेल तर बसतंय. पण इंधन जळून गेल्यावरचं गणितही करा: ५४० किलो, मोमेंट ११७२, गुरुत्वमध्य २.१७०. थोडा मागे सरकला. उतरताना विमान निघतानापेक्षा मागे जड असू शकतं, हे नवख्याच्या ध्यानात येत नाही. गुरुत्वमध्य मर्यादेमागे गेला की नाक खाली आणणं अवघड होतं आणि स्टॉलमधून (पंखांची उचल अचानक जाते त्या स्थितीतून) बाहेर पडायची खात्री राहत नाही. ही संख्या पुढे पुन्हा लागणार आहे.

पहिलं उड्डाण

आधी कोणत्याही दुसऱ्या माणसाकडून पूर्ण तपासणी करून घ्या, आणि ज्याने बांधण्यात हात लावला तो माणूस नको. कंट्रोल तपासताना ‘हलतंय’ एवढं पुरत नाही. दिशा पाहा: दांडी डावीकडे नेली की डावा एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती पाटी) वर गेला पाहिजे. उलट्या जोडलेल्या केबलींनी विमानं पाडली आहेत.

तुम्ही बांधलं म्हणून पहिलं उड्डाण तुम्हीच करायला हवं असं नाही. बांधायच्या वर्षांत उडण्याचा हात गेलेला असतो. त्याच जातीच्या विमानात प्रशिक्षकाबरोबर काही तास घ्या, किंवा अनुभवी वैमानिकाला द्या. हौशीने सोबत कुणाला बसवायचं नाही. अमेरिकेत प्रमाणित इंजिन-प्रोपेलर जोडी असेल तर साधारण २५ तास आणि नसेल तर ४० तास ठरावीक क्षेत्रात चाचणी उड्डाणं करतात. त्या तासांत नुसत्या घिरट्या घालू नका. दर उड्डाणाला एकच प्रश्न घ्या: आज स्टॉलचा वेग, उद्या चढाईतलं तेलाचं तापमान, परवा पूर्ण वजन. मागच्या बाजूचं वजन थोडं थोडं वाढवत जा.

आणि मग बदल

विमान उडू लागलं की हात शिवशिवतात. जास्त ताकदीचं इंजिन, मोठी टाकी, शेपटीकडे हलवलेली बॅटरी. बदलाला माझा विरोध नाही, घरी बांधलेल्या विमानाची ती गंमतच आहे. पण विमानात एकटा बदल असा नसतोच. तो पाच ठिकाणी पोचतो, आणि त्यातली चार तुमच्या डोक्यात नसतात.

बॅटरीचंच घ्या. पुढे गर्दी झाली म्हणून ७ किलोची बॅटरी १.२० मीटरवरून ४.६० वर नेली. मोमेंट २३.८ ने वाढला. वरच्या ६०० किलोच्या गणितात गुरुत्वमध्य जवळपास ४ सेंटीमीटर मागे, २.२०३ वर गेला, आणि इंधन संपत आल्यावर २.२१४. मर्यादा होती २.२०. एका बॅटरीने विमान दोन्ही वेळी मर्यादेबाहेर नेलं.

मोठ्या इंजिनाचा मोह तर नाकापेक्षा मोती जड. समतल वेगाला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. १०० हॉर्सपॉवरचं इंजिन काढून १२५ चं घातलं तर वेग वाढतो जेमतेम ७-८ टक्के. ताशी २०० किलोमीटर जाणारं विमान २१५ ला पोचेल. चढाई मात्र खरोखर सुधारते. बदल्यात नाक जड होतं, इंधन जास्त लागतं म्हणजे प्रवाहाची चाचणी पुन्हा, आणि कूलिंगही अपुरं पडू शकतं. ‘कधीही ओलांडू नये’ असा जो वेग दिलेला असतो तो इंजिनाने बदलत नाही. त्यामागे बहुधा फ्लटर असतं, म्हणजे हवेच्या जोराने पंख-शेपटीचे भाग अनावर फडफडू लागणं, आणि फ्लटर हवेतल्या खऱ्या वेगाकडे बघतं, त्यामुळे उंचीवर वेगाच्या काट्यावरचा आकडा फसवतो.

फ्लटरवरून आठवलं: रडर, एलेव्हेटर, एलेरॉन पुन्हा रंगवले तर त्यांचा तोल पुन्हा तपासा. बिजागरीच्या मागे चढलेला रंगाचा जास्तीचा थरही तोल बिघडवतो.

१२ ऑक्टोबर १९९७ ला गायक जॉन डेन्व्हर यांचं ‘लाँग-ईझ’ कॅलिफोर्नियात पॅसिफिक ग्रोव्हजवळ समुद्रात पडलं. रुटान यांच्या मूळ आराखड्यात इंधनाची टाकी बदलायचा व्हॉल्व्ह वैमानिकाच्या पायांमध्ये होता. बांधणाऱ्याने तो डाव्या खांद्यामागे नेला, कॉकपिटमध्ये इंधनाच्या नळ्या नकोत म्हणून, म्हणजे सुरक्षेसाठीच. तो फिरवायला दांडी सोडून अंग वळवावं लागे, आणि वळताना उजव्या रडरवर पाय दाबला जाई. चौकशीत इतर कारणांबरोबर ही अवघड, खुणा नसलेली जागा नोंदवली गेली. डेन्व्हर यांनी ते विमान नुकतंच विकत घेतलं होतं. बदल एकाने केला होता, किंमत दुसऱ्याने मोजली.

म्हणून बदलाआधी रचनाकाराला विचारा. ‘हे कुणीच का केलं नाही?’ याचं उत्तर त्याच्याकडे बहुधा असतं. आसनात पट्टे आवळून बसा आणि नवीन खटका डोळे मिटून दोन्ही हातांनी सापडतो का पाहा. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर बिघाड कशामुळे ते कळणार नाही. फायरवॉलला (इंजिन आणि कॉकपिट यांच्यामधल्या आग अडवणाऱ्या भिंतीला) नवीन भोक पाडलं तर ते आगीला टिकणाऱ्या सीलंटने बंद करा, नाहीतर कार्बन मोनॉक्साइड आत येतो. खात्याला कळवायचं असेल तर कळवा. अमेरिकेत मोठ्या बदलानंतर विमान निदान ५ तासांसाठी पुन्हा चाचणीच्या टप्प्यात जातं, आणि नियम नसेल तिथेही तेवढे तास एकट्याने उडवणं शहाणपणाचं.

शेवटी नोंद. काय काढलं, काय घातलं, प्रत्येकाचं वजन आणि संदर्भरेषेपासूनचं अंतर, नवीन गुरुत्वमध्य, तारीख, सही. फोटो काढा, विशेषतः झाकल्या जाणाऱ्या भागाचे. पॅनेलवरची वजनाची पाटी आणि चेकलिस्टसुद्धा त्याच दिवशी बदला. वहीत नवीन आकडा आणि विमानात जुनी पाटी असेल तर पुढचा वैमानिक पाटीच वाचणार आहे.